उभ्याला धरते, आडव्याला सोडते

भांडण सकाळीच झालं, चहा पोटात जायच्या आधी. दादा ट्रॅक्टरची किल्ली बोटाभोवती फिरवत दारात उभा होता आणि त्याची बहीण कपबशा विसळता विसळता त्याच्या मागे लागली होती.

"तेवढा धोंड्याजवळचा पट्टा सोड रे. बाकी सगळं शेत नांगर, उभं नांगर, आडवं नांगर. तेवढा सोड."

"का?"

"का म्हणजे? आजोबांनी सोडला. बाबांनी सोडला."

"म्हणून मीही सोडू? चांगली काळीभोर जमीन नुसती ऊन खात पडलीये. काटेरी कुंपण परवाच ओढून काढलंय. आज नांगर फिरला की विषय संपला." मग त्यानं डोळे वटारले, आवाज घोगरा केला. "का अजून बसलीये तिथं म्हातारी? काय गं भागूबाई?"

वहिनी फसकन हसली. तिचा दोष नाही, हसण्यासारखंच होतं. केस पांढरे झालेली बाई, घरी सुना आलेल्या, आणि माहेरी येऊन भावाला म्हणतेय की म्हातारी धरेल.

भागूबाई हे तिचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता रेशनकार्डाखेरीज कुणी घेत नव्हतं. पाल दिसली की ही खुर्चीवर. वीज चमकली की ही पलंगाखाली. शिडीच्या पहिल्या पायरीवर चढली तरी म्हणायची, "धरलंय ना नीट?" लहानपणी भावानं 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवायला सुरुवात केली आणि ते जे चिकटलं ते सासरपर्यंत पोचलं. ती रागवायची नाही. खोटं थोडंच होतं?

आणि या सगळ्या भित्रेपणाचं बी पडलं होतं त्या पट्ट्यात.

शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक भलामोठा धोंडा आहे, मधोमध फुटून दोन झालेला. त्याच्यापुढे खळ्याएवढी सपाट जागा. तिथं म्हातारी राहते, असं आजी सांगायची. जमिनीखाली राहते, वर तोंड करून, तोंड उघडं ठेवून. लेकराचा पाय पडायची वाट बघते. आजी हे सांगायची तेव्हा बाकीच्या गोष्टी सांगतानासारखी हसायची नाही. तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा, म्हणून तर पोरांची गाळण उडायची.

"आणि पडलाच पाय चुकून, तर?" भागूबाई विचारायची. तेव्हा ती एवढीशी होती, आजीच्या कुशीत शिरलेली.

"तर उभं राहायचं नाही. पळायचं नाही. म्हातारी उभ्याला धरते, आडव्याला सोडते. भुईवर आडवं पडायचं आणि लोळत लोळत बाहेर यायचं. चला, दाखवा बघू."

मग अंगणात खेळ सुरू व्हायचा. आजी ओरडायची, "उभ्याला धरते!" पोरांनी ओरडायचं, "आडव्याला सोडते!" आणि धप्पकन पडून गडगडा लोळायचं, पार भिंतीपर्यंत. कपडे मळायचे, आई करवादायची, पण आजी काही ऐकायची नाही. "लोळू दे," म्हणायची. "मळलेले कपडे धुता येतात."

पावसाळ्याच्या तोंडाशी आजोबा पाटीपाटीनं माती नेऊन त्या जागेवर टाकायचे. स्वतः कधी आत पाऊल ठेवायचे नाहीत. कडेला उभे राहून लांब दांड्याच्या फावड्यानं माती पसरायचे. पोरं म्हणायची, आजोबा म्हातारीला दाबतायत. आणि तिन्हीसांजेला आजी कधीकधी एकटीच धोंड्याला टेकून बसायची, त्या जागेकडे बघत हळूहळू काहीतरी बोलायची. ते बघून तर भागूबाईचे हातपाय गार पडायचे. आपली आजी म्हातारीशी बोलते! म्हणजे दोघींची ओळख आहे!

दादाला मात्र भीती ठाऊक नव्हती. एकदा पैज लावून तो त्या जागेवरून सुसाट पळत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिथं उभा राहून वाकुल्या दाखवल्या. आजीनं त्या दिवशी त्याला असं बडवलं की आजोबांना मध्ये पडावं लागलं. उभ्या जन्मात तिनं कुणा नातवावर हात टाकला तो तेवढाच. आणि बडवून झाल्यावर त्यालाच पोटाशी धरून हमसून हमसून रडली. दादानं त्यातून एवढंच घेतलं, की आपण पळालो आणि काही झालं नाही. म्हातारी खोटी.

खरंच होतं की. म्हातारी खोटीच होती.

आताही तो तेच म्हणाला. "मी पळालोय त्यावरून. धरलं का मला? मग?" आणि चहा न घेताच निघून गेला. ट्रॅक्टरचा आवाज लांब जाईपर्यंत भागूबाई कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. भीती मात्र जात नव्हती.

"सोडा हो वन्सं," वहिनी म्हणाली. "त्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चला, भिंतीवरच्या तसबिरी उतरवू. रंगारी उद्या येणार, नि जाळी अजून लोंबतायत."

तसबिरी म्हणजे तीन. त्यातली आजीआजोबांची सगळ्यात जुनी, बाहेरच्या खोलीत दारासमोर. घरातल्या सगळ्यांना तो फोटो तोंडपाठ. छातीपासून वरची दोन माणसं. आजोबा मान अशी ताठ धरून, जणू मानेत चमक भरलीये. आजी समोर न बघता खाली, बाजूला कुठंतरी बघतेय. सगळे म्हणायचे, लाजली बिचारी.

भागूबाई शिडीवर चढली नाही, चढली वहिनी. ती तसबीर खाली देणार तोच खिळ्याला अडकलेली दोरी तुटली. काच फरशीवर पडून खळ्ळकन फुटली.

"अगंबाई! पायात चपला घाला आधी!"

काचा वेचून भागूबाईनं चौकट उलटी केली. मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, हात लावताच भुसा झाला. फोटो हातात आला आणि तिला नवल वाटलं. फोटो जाड लागत होता. खालची बाजू आणि एक कड मागे दुमडलेली होती, नीट, नखानं घडी घातल्यासारखी.

तिनं घडी उलगडली.

आजोबांचा हात आला. त्या हातात एका पोरीचा हात. तीनचार वर्षांची पोर, दोन शेंड्या, हसताना डोळे मिटलेले. उभी होती दगडी कठड्यावर, आणि आजी लाजून खाली बघत नव्हती, तिच्याकडे बघत होती, पडशील हं म्हणाल्यासारखी. कठडा गोल होता. वर लाकडी रहाट, दोर, एक बादली. विहीर. आणि विहिरीच्या पाठीमागे, अर्धा कापला गेलेला पण ओळखू येईल असा, मधोमध फुटलेला धोंडा.

भागूबाई फोटो घेऊन आतल्या खोलीत गेली. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. आईला ऐकू कमी यायचं, पण दिसायचं अजून चांगलं.

"आई, ही कोण?"

आईनं फोटो हातात घेतला. उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "हा उलगडला कुणी?"

"कोण आहे ही?"

"तुझी आत्या. तुझ्या बाबांच्या पाठची. तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं सासूबाईंनी मला आल्या आल्या सांगितलं होतं. मी नाही काढलं कधी." आईनं बोटानं त्या पोरीचा चेहरा पुसला, धूळ नव्हती तरी. "विहिरीत गेली गं. पाणी शेंदताना मागे वळून बघेपर्यंत. मी आले तेव्हा विहीरही नव्हती. बुजवली म्हणाले."

"कुठं होती?"

"ते मला कुणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. तुझ्या बाबांकडे तो विषय काढला की ते उठून जायचे."

"पण बुजवली ना? नक्की? दगडमाती टाकून?"

आई आठवू लागली. भागूबाईला वाटलं, आईनं लवकर आठवावं, आणि वाटलं, आठवूच नये.

"दगड कुठले टाकायला," आई म्हणाली. "गाड्या भरून आणले होते म्हणे. तर सासूबाई कठड्यावर आडव्या पडल्या. म्हणाल्या, माझ्या पोरीवर दगड टाकाल तर आधी मला ढकला. पोरीला बाहेर काढून निरोप दिला होता, पण त्यांच्या मनात ती तिथंच होती. मग कुणी काय करणार? कठडा काढला, लाकडाचे ओंडके टाकले आडवे, वर माती ओढली. झाकली विहीर."

झाकली. बुजवली नाही, झाकली. ओंडके आजोबांच्या तरुणपणातले. त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली माती. आणि आता त्यावर ट्रॅक्टर.

"वहिनी! दादाला फोन लावा! आत्ताच्या आत्ता!"

वहिनीनं फोन लावला आणि फोन वाजला खिडकीत. चार्जिंगला लावलेला तिथंच राहिला होता.

भागूबाईचे गुडघे दुखरे होते. डॉक्टरनं जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं. पण ती पळाली. फोटो मुठीत धरून पळाली. रस्त्यानं वळसा पडला असता म्हणून शेतातूनच पळाली, सकाळी नांगरलेल्या ढेकळांतून. एक चप्पल कुठंतरी रुतली, ती सोडून पळाली. सारखं एकच मनात येत होतं, की आवाज बंद पडेल. लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि जन्मात पहिल्यांदा तिला वाटत होतं, हा आवाज असाच चालू राहू दे देवा, बंद पडू देऊ नको.

ट्रॅक्टर वरच्या कोपऱ्याकडेच येत होता. दादानं बाकीचा तुकडा उरकला होता आणि पट्टा शेवटी ठेवला होता, जेवताना लाडू शेवटी ठेवावा तसा. भागूबाई पट्ट्याच्या कडेला पोचली आणि दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. पाठीमागे म्हातारीची जागा, पुढे ट्रॅक्टरचं तोंड. कुठल्याची जास्त भीती वाटावी, हेच तिला कळेना.

दादानं करकचून ब्रेक दाबला. "वेड लागलं का तुला? मेली असतीस की!"

"बंद कर. खाली उतर. इथं विहीर आहे."

"आधी म्हातारी होती, आता विहीर झाली?"

"फोटो बघ. आईनं सांगितलं. झाकलीये नुसती, लाकडं टाकून. दादा, पाया पडते तुझ्या."

त्यानं फोटो घेतला नाही. इंजिन बंद करून खाली उतरला तो संतापानंच. "गावभर हसं करतेस माझं. बाई पळत येते काय, ट्रॅक्टरपुढे उभी राहते काय! आज एकदाच सोक्षमोक्ष लावतो तुझ्या म्हातारीचा." नांगरात अडकलेले दगड काढायला ट्रॅक्टरवर पहार असायची, ती त्यानं उपसली आणि तिला बाजूला सारून सरळ पट्ट्यावर गेला.

"दादा, नको! नको रे!"

"हे बघ." तो मधोमध उभा राहिला आणि उडी मारली. चांगला थोराड गडी, पोट सुटलेला. "हे बघ, हे बघ!" आणखी एक उडी. भागूबाईनं डोळे गच्च मिटले.

काही झालं नाही. पाखरं ओरडत होती. दादा हसत होता. "उघड डोळे. आहे मी अजून. ही बघ तुझी विहीर." आणि त्यानं पहार दोन्ही हातांनी उचलून भुईत मारली.

पहिल्यांदा नुसता धप्प आवाज झाला. दुसऱ्यांदा रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा झाला. दादाचं हसू तोंडावरच राहिलं, पण हात थांबला नाही. तिसऱ्यांदा पहार त्याच्या हातातून निसटली आणि सबंधच्या सबंध आत गेली. भुईवर तिचं टोकसुद्धा दिसेना.

दोघंही ऐकत राहिले. आवाज येईचना. मग खूप खालून, जणू दुसऱ्याच गावातून आल्यासारखं, डुबुक झालं.

दादा स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत उभा होता. पायाशी पडलेल्या भोकात माती झरत होती, बारीक, सारखी. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ज्याला जन्मात कधी भीती वाटली नाही, त्याला भ्यायचं कसं तेही माहीत नसतं. तो नुसता गोठला.

"दादा," भागूबाई म्हणाली. "पळू नको. हलू नको. आडवा हो."

त्याला ऐकू गेलं नाही. एक पाय आपोआप मागे सरकत होता. पायाखाली काहीतरी करकरलं.

तेव्हा भागूबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा नव्हताच. आजीचा होता, अंगणातला, खणखणीत. "उभ्याला धरते!"

दादानं मान वर केली. ओठ हलले. लहान पोरासारखं बारीक आवाजात त्याच्या तोंडून आलं, "आडव्याला सोडते."

आणि तो धप्पकन आडवा पडला.

"लोळ! माझ्याकडे लोळ! डोळे मिट आणि लोळ!"

तो लोळला. पांढऱ्या मिशांचा माणूस, तोंडात माती, हात अंगाशी आवळून, अंगणात लोळायचा तसा गडगडा लोळला. भागूबाई कडेला पालथी पडली होती. तिनं हात लांब केला, त्याची कॉलर हाती लागली, आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून तिनं ओढलं. तो अर्धा बाहेर आला आणि मागे भुई खचली. मोठा आवाज झाला नाही. नुसती जमीन खाली बसली आणि तिथं दाराएवढं काळं भोक पडलं. आतून गार हवा आली, कुजक्या लाकडाचा वास घेऊन.

दोघं धोंड्याला पाठ टेकून बसले. ट्रॅक्टर तिथंच उभा होता, भोकापासून हातभर अंतरावर. दादानं तोंडातली माती थुंकली. त्याचे दात वाजत होते, भर उन्हात.

"तुला भीती वाटत नव्हती?" शेवटी तो म्हणाला.

"नव्हती? अजून वाटतेय. मला जन्मभर वाटतेय, दादा. तूच तर हसायचास."

त्यानं तिच्या मुठीतला फोटो काढून घेतला. घामानं चुरगळलेला, पण चेहरे शाबूत होते. कठड्यावरची पोर हसत होती. भागूबाईनं आईचं बोलणं सगळं सांगितलं, दगडांचं, ओंडक्यांचं, नाव न काढण्याचं.

"म्हणजे आजी इथं बसून..." दादा म्हणाला, आणि थांबला.

"हो. तिच्याशी बोलायची. आणि आपण म्हणायचो, म्हातारीशी बोलते."

"मला किती मारलं होतं." त्यानं पाठीमागच्या धोंड्याला हात लावला. "मी वाकुल्या दाखवत होतो गं तिला. इथं उभा राहून." मग तो रडला. फोटो गुडघ्यावर ठेवून, कुणी बघतंय का याची पर्वा न करता रडला. भागूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गवंडी आला, त्यानं विहिरीला नवा कठडा बांधला आणि वर लोखंडी जाळी बसवायला घेतली. बुजवून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. दादा म्हणाला, "दगड पडणार नाहीत." का, ते कुणाला सांगितलं नाही. फोटो सबंध उलगडून नव्या चौकटीत लागला. आईनं आत्याचं नाव घेतलं, पहिल्यांदा जरा चाचरत, मग सरळ.

सुट्टीत दादाची नात आली. एवढीशी, पण भिंगरी. भागूबाईनं मनाशी ठरवलं होतं, हिला म्हातारीबितारी काही सांगायची नाही. भीती घालून जन्म नासतो, आपला नासला. खरं ते सांगायचं. जाळीचं शेवटचं काम व्हायचं होतं तेव्हा तिनं पोरीला शेताच्या बांधावर नेऊन लांबूनच दाखवलं. "ती बघ, विहीर. खूप खोल आहे. तिच्याजवळ जायचं नाही. पडलं तर माणूस मरतं."

"किती खोल?" पोरीचे डोळे चमकले.

"खूप."

"दगड टाकला तर आवाज येतो? वाकून बघितलं तर आपण दिसतो? मी फक्त एकदा बघते, एकदाच!" आणि हात सोडवून निघालीच.

भागूबाईला हाक मारायला आवाज फुटेना. पण बांधालगत नांगरत असलेला दादा ट्रॅक्टरवरून उडी टाकून आडवा आला, नातीपुढे उकिडवा बसला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"आणि विहिरीत," तो हळूच म्हणाला, "म्हातारी आहे."

पोर थांबली. "खोटं!"

"भागूआजीला विचार."

पोरीनं वळून बघितलं. भागूबाईला काही बोलावंच लागलं नाही. ती नखशिखान्त थरथरत होती, खरीखुरी, आणि पोरीला ते दिसलं. पोर पाऊल पाऊल मागे आली आणि तिच्या पायांना बिलगली.

"मग... पडलाच पाय, तर?"

भावाबहिणींनी एकमेकांकडे बघितलं. दादानं टोपी काढून बांधावर ठेवली, कमरेवर हात ठेवून कण्हत कण्हत खाली वाकला, आणि ढेकळांत सरळ आडवा झाला.

"बघ नीट," तो म्हणाला. "आधी मी दाखवतो."